रक्त मिळविणे आणि रक्त राखणे

शस्त्रक्रियेचा इतिहास म्हणजे सुरीचा इतिहास, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः तो रक्त आवरण्याच्या खटपटीचा इतिहास आहे. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवा रक्तगट जगापुढे मांडला. त्याला ‘बॉम्बे’ हेच नाव पडले. सर्वांना चालणारे म्हणून गाजलेले ओ गटाचे रक्तही या माणसांना चालत नाही. स्वगटाचेच लागते, आणि तो गट मुंबईत सुमारे १०,००० त एकाचा.

पुढच्याच वर्षी अमेरिकेत गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्र लावून हृदयावर यशस्वी शस्त्रक्रिया केली. यंत्रात रक्त गोठू नये म्हणून हेपरिन द्यावे लागते. काम संपल्यावर प्रोटॅमिनने त्याचा परिणाम उतरवितात. तरीही टाक्यांच्या छिद्रांतून रक्त झिरपते. तेथे फायब्रिनचा लेप कामी येतो. फायब्रिनोजेन व थ्रॉम्बिन ही रक्तातील द्रव्ये एकत्र आली, की खपलीत असते तसेच जाळे विणले जाते. परंतु ही द्रव्ये इतरांच्या रक्तातून घेतलेली. म्हणून संसर्गजन्य काविळीच्या भयाने १९७७ साली अमेरिकेत फायब्रिनोजेनचा परवाना रद्द झाला. विषाणू निष्प्रभ करण्याच्या पद्धती आल्यावर १९९८ साली असा लेप तेथे मान्य झाला.

श्रोतेहो, लेप टाक्याची जागा घेत नाही. तथापि अंधेरी-मुलुंडकडे बायपाससाठी ‘बॉम्बे’ गटाचा रुग्ण आला, तर राखलेली प्रत्येक पिशवी मिळविलेल्या पिशवीइतकीच मोलाची होय. रक्तदात्याचे दान जपून वापरणे, हाही त्याचा सन्मानच आहे.