ढगातली वाट : अमेरिकेची आणि युरोपची

डोळ्यांना फडके बांधून स्वतःभोवती चार गिरक्या घ्या आणि एकदम थांबा. पाय जमिनीवर स्थिर असतात, पण शरीर म्हणते, आपण उलटे फिरतो आहोत. ढगात शिरलेल्या वैमानिकाचे असेच होते. वळणारे विमान त्याला सरळ वाटते आणि सरळ झालेले वळतेसे वाटते. अशा वेळी शरीराचे न ऐकता समोरच्या तबकड्यांचे ऐकायचे, ही ‘इन्स्ट्रुमेंट रेटिंग’ या परवान्यामागची विद्या. ती शिकू पाहणाऱ्या खाजगी वैमानिकापुढे दोन वाटा असतात, एक अमेरिकेची, एक युरोपची. कोणती धरावी हे कळायला थोडे मागे गेले पाहिजे.

२४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यू यॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर जेम्स डूलिटल या लष्करी वैमानिकाने आपल्या बैठकीवर झाकण ओढून घेतले आणि बाहेरचे काडीइतकेही न पाहता विमान उडवले, वळवले, पुन्हा उतरवले. सोबतीला स्पेरीचे कृत्रिम क्षितिज, दिशा दाखवणारा भोवरा, कॉल्समनचा नाजूक उंचीमापक आणि जमिनीवरून येणारा रेडिओचा संकेत, एवढेच.

पण एकाला जमले म्हणजे सर्वांना आले असे नव्हे! फेब्रुवारी १९३४ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी खाजगी कंपन्यांचे विमानटपालाचे करार मोडून ते काम लष्कराकडे दिले. भर हिवाळा, रात्रीची उड्डाणे, आणि वैमानिकांना तबकड्यांवर उडण्याचा सराव बेताचाच. काही महिन्यांत दहाहून अधिक माणसे गेली. तेव्हा लष्कराला एडविन लिंकची आठवण झाली. याच्या वडिलांचा बिंगहॅम्टनला ऑर्गन-पियानोचा कारखाना. आपल्या पेटीला भाता असतो ना, तसल्या भात्यांवर याने एक डुलणारे नकली विमान बसवले होते. करमणुकीच्या बागांतून ते खेळणे म्हणून खपत होते! त्याच खेळण्यात बसून पुढे हजारो वैमानिक शिकले.

युरोपही मागे नव्हता. फ्रान्समध्ये रूजेरी झाकलेल्या बैठकीत शिष्यांना शिकवीत होते, आणि जर्मनीतल्या लोरेंझ कंपनीचा रेडिओ-किरण १९३० च्या दशकात विमानांना धावपट्टीची रेघ कानात ऐकवीत होता. फरक पडला तो राज्यव्यवस्थेमुळे, असे मला वाटते. अमेरिकेत एक देश, एक कायदा. युरोपात तासाभरात दोन सरहद्दी ओलांडाव्या लागतात, म्हणून सर्वांना पटेल असा अभ्यासक्रम बांधता बांधता तो जाड झाला.

आज अमेरिकेत साठ प्रश्नांची एकच लेखी परीक्षा आहे. उपकरणांवरचा चाळीस तासांचा सराव हवा, मग परीक्षक तोंडी विचारतो आणि विमानात बसून पाहतो. हे रेटिंग संपत नाही. पण मागल्या सहा महिन्यांत सहा वेळा उपकरणांवर धावपट्टीकडे येण्याचा सराव झालेला नसेल तर ढगात जाता येत नाही. युरोपात हवामान, कायदा, रेडिओ-दिशाशोधन धरून सात पेपर, प्रत्येकात पंचाहत्तर टक्के हवेत, आणि रेटिंगचे नूतनीकरण दर वर्षी. तिथेही २०१४ पासून चाळीस तासांची हलकी वाट निघाली, तरी सात पेपर राहिलेच.

मग कोणती चांगली? गुरुजींना प्रश्नपत्रिका पाहून युरोपची विद्या खोल वाटेल. मला त्यातले बरेचसे पाठांतर वाटते. ढगात हात चालतो तो सरावाने. पण निवड यावर ठरत नाही. १९४४ च्या शिकागो कराराप्रमाणे विमान ज्या देशात नोंदलेले, त्या देशाने दिलेला किंवा मान्य केलेला परवाना लागतो. शिवाय युरोपात राहणाऱ्याला अमेरिकी नोंदणीचे विमान तिथे चालवायलाही आता युरोपचे कागद लागतात. तेव्हा तिथेच राहून उडणार असाल तर सरळ तिथले पेपर द्यावेत. अमेरिकेत राहणाऱ्याने तिथलेच रेटिंग घ्यावे. पुढे युरोपात जायची वेळ आलीच, तर कप्तान म्हणून उपकरणांवर पन्नास तास उडालेल्याला ते सात पेपर माफ होतात. ज्ञान तोंडी विचारले जाते आणि उड्डाणाची परीक्षा तेवढी द्यावी लागते.