बंदिस्त मैदानातून सुपर बोलपर्यंत : कर्ट वॉर्नर

अमेरिकन फुटबॉलच्या इतिहासात कर्ट वॉर्नर याच्याइतकी आडवळणाची कारकीर्द क्वचितच आढळते. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये (एनएफएल) दोनदा सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या या क्वार्टरबॅकची खरी जडणघडण झाली ती छताखालच्या 'अरेना फुटबॉल'मध्ये.

वॉर्नरचा जन्म २२ जून १९७१ रोजी आयोवा राज्यातील बर्लिंग्टन येथे झाला. नॉर्दर्न आयोवा विद्यापीठाच्या संघात अखेरच्या वर्षापर्यंत त्याला राखीव खेळाडू म्हणूनच बसावे लागले. १९९४ मध्ये एनएफएलच्या निवडप्रक्रियेत एकाही संघाने त्याला घेतले नाही. ग्रीन बे पॅकर्सने सराव शिबिरासाठी बोलावले, पण हंगामापूर्वीच निरोप दिला. त्यानंतर सीडर फॉल्स येथील किराणा दुकानात रात्रपाळीत फळ्यांवर माल लावण्याचे काम त्याने केले. मोबदला होता ताशी साडेपाच डॉलर!

१९९५ मध्ये डे मॉइन येथील 'आयोवा बार्नस्टॉर्मर्स' या अरेना संघाने त्याला संधी दिली. जिम फॉस्टर यांच्या कल्पनेतून साकारलेली ही अरेना लीग १९८७ मध्ये सुरू झाली होती. तिचे मैदान अवघे ५० यार्डांचे, म्हणजे क्रिकेटच्या दोन खेळपट्ट्यांहून थोडेसेच लांब. नेहमीच्या अकराऐवजी आठ-आठ खेळाडू, कडेला गादी लावलेल्या भिंती आणि गोलखांबांच्या दोन्ही बाजूंस ताणलेली जाळी. जाळीवर आदळून परतलेला चेंडूही खेळात राहतो. एवढ्याशा जागेत क्वार्टरबॅकला क्षणार्धात निर्णय घेऊन चेंडू अचूक फेकावा लागतो. वॉर्नरने हे तंत्र येथेच घोटवले. १९९६ व १९९७ मध्ये त्याने संघाला अरेनाबोलच्या अंतिम फेरीत नेले, मात्र दोन्ही वेळा विजेतेपद हुकले.

१९९८ मध्ये 'एनएफएल युरोप'च्या अ‍ॅमस्टरडॅम अ‍ॅडमिरल्सकडून खेळल्यावर सेंट लुईस रॅम्सने त्याला तिसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक म्हणून ठेवले. १९९९ मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्सच्या नव्या संघासाठी रॅम्सने ज्या खेळाडूंना मोकळे ठेवले, त्यांत वॉर्नर होता. ब्राउन्सने त्याला घेतले नाही. त्याच वर्षी हंगामपूर्व सामन्यात रॅम्सचा मुख्य क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीन याचा गुडघा जायबंदी झाला आणि धुरा अचानक २८ वर्षांच्या वॉर्नरकडे आली.

पुढे घडले ते विलक्षणच. त्या हंगामात त्याने ४,३५३ यार्ड व ४१ टचडाउनची नोंद केली. ३० जानेवारी २००० रोजी रॅम्सने टेनेसी टायटन्सला २३-१६ असे नमवून सुपर बोल जिंकला. ४१४ यार्डांची फेक करणारा वॉर्नरच सामनावीर ठरला. २००१ च्या हंगामात तो पुन्हा लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला, पण त्या वेळच्या अंतिम लढतीत न्यू इंग्लंड पेट्रियट्सने रॅम्सला हरवले.

दुखापती व सुमार कामगिरीमुळे २००४ मध्ये रॅम्सने त्याला मुक्त केले. कारकीर्द संपली असे वाटत असतानाच अ‍ॅरिझोना कार्डिनल्सला त्याने फेब्रुवारी २००९ च्या सुपर बोलपर्यंत नेले. तेथे पिट्सबर्ग स्टीलर्सकडून २७-२३ असा निसटता पराभव झाला. जानेवारी २०१० मध्ये त्याने निवृत्ती पत्करली.

२०११ मध्ये अरेना फुटबॉलच्या आणि २०१७ मध्ये प्रो फुटबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्याचा समावेश झाला. २०२१ मध्ये त्याच्या जीवनावर 'अमेरिकन अंडरडॉग' हा चित्रपट आला. ज्या अरेना लीगने त्याला घडवले, ती मात्र आर्थिक ओढाताणीत २००९ व २०१९ अशी दोनदा बंद पडली. दुय्यम मानल्या गेलेल्या त्या लीगचे मोल पटवून देण्यास वॉर्नरचे उदाहरण पुरेसे आहे.