मातेचा मायक्रोबायोम आणि बाळंतपण

योनिमार्ग, आतडे, तोंड व त्वचा येथे कायम वस्ती करून असलेले सूक्ष्मजीव आणि त्यांची जनुके यांना मिळून मायक्रोबायोम म्हणतात. गर्भारपणात पाणमोट केव्हा फुटते, मूल किती दिवसांचे जन्मते, त्याच्या आतड्यात पहिले जंतू कोणते येतात, या सर्वांशी मातेच्या मायक्रोबायोमचा संबंध आढळला आहे. सर्वाधिक अभ्यास झाला तो ३७ आठवडे पुरे होण्याआधीच्या प्रसूतीचा. २०२० मध्ये जगात सुमारे १ कोटी ३४ लाख मुले अशी अपुऱ्या दिवसांची जन्मली. त्यांतली सुमारे ३० लाख भारतातली.

योनिमार्ग : जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ आल्बर्ट डोडरलाइन यांनी १८९२ मध्ये योनिस्रावातील आम्ल तयार करणाऱ्या दंडाणूंचे वर्णन केले. हे लॅक्टोबॅसिलस. इस्ट्रोजेनमुळे योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन साठते, त्याच्या विघटनातून मिळालेल्या शर्करांचे हे जंतू लॅक्टिक आम्ल करतात आणि पीएच ४.५ च्या खाली राहतो. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढते, तशी त्यांची पकडही घट्ट होते. आतड्यात जंतूंची विविधता चांगली मानतात. येथे नेमके उलटे, एकाच जातीचे राज्य बरे. त्यातही लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटस भरवशाचा, तर लॅक्टोबॅसिलस इनर्स कच्चा राखणदार. जॅक रॅव्हेल व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अमेरिकेतील ३९६ निरोगी स्त्रियांच्या नमुन्यांतून पाच प्रकार पाडले : चार लॅक्टोबॅसिलसच्या वेगवेगळ्या जातींचे, पाचवा मिश्र वस्तीचा. हा पाचवा प्रकार कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक स्त्रियांत जास्त आढळला. त्या निरोगीच होत्या; तेव्हा मिश्र वस्ती म्हणजे आजार, असे सरसकट म्हणता येत नाही.

लॅक्टोबॅसिलस हटून गार्डनरेला, प्रेव्होटेला वगैरे जंतू माजले की बॅक्टेरियल व्हजायनोसिस होतो. काचपट्टीवर स्राव पाहिला तर अस्तराच्या पेशींच्या कडा चिकटलेल्या जंतूंनी धूसर दिसतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकताच मासळीसारखा वास सुटतो. अनेकींना काहीच त्रास नसतो. काहींच्या अंगावरून पांढरे जाते आणि ते अंगावरच काढले जाते. हे जंतू गर्भाशयमुखातून वर चढले तर दाह सुरू होतो, कळा आणणारी प्रोस्टाग्लँडिने वाढतात, गर्भावरण कमकुवत होते आणि कळा वेळेआधी येतात. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दहा हजारांवर गर्भवतींच्या अमेरिकी अभ्यासात अशा स्त्रियांना अपुऱ्या दिवसांचे व कमी वजनाचे मूल होण्याचा धोका सुमारे ४० टक्के जास्त आढळला.

मग प्रतिजैविक द्यावे, हे ओघानेच आले. पण लक्षणे नसलेल्या गर्भवतींना मेट्रोनिडाझोल देऊन केलेल्या अमेरिकी चाचणीत (२०००) आणि क्लिंडामायसिनच्या फ्रेंच चाचणीत (२०१८) मुदतपूर्व प्रसूती घटल्या नाहीत. हिरड्यांच्या रोगाचीही गत तीच : अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाशी संबंध दिसला, पण गरोदरपणात हिरड्यांवर उपचार करून फरक पडला नाही. प्रतिजैविक नको ते जंतू मारते. हवे ते पुन्हा वसवत नाही. नेमका एक शत्रू समोर असला की मात्र ते उपयोगी पडते. कळा सुरू असताना पेनिसिलीन देण्याच्या पद्धतीमुळे अमेरिकेत नवजातांचा गट-बी स्ट्रेप्टोकॉकसचा लवकर होणारा संसर्ग खूपच घटला.

वार : निरोगी वारेतही जंतूंची वस्ती असते, असा दावा २०१४ मध्ये ३२० वारांच्या तपासणीवरून झाला आणि गाजला. केंब्रिजच्या गटाने २०१९ मध्ये ५३७ स्त्रियांच्या वारा तपासल्या, तेव्हा सापडलेला बहुतेक डीएनए प्रसूतीवेळी किंवा प्रयोगशाळेतील रसायनांतून आलेला निघाला. अपवाद गट-बी स्ट्रेप्टोकॉकसचा. तो सुमारे ५ टक्के नमुन्यांत होता.

प्रसूतीचा मार्ग : सिझेरियनने जन्मलेल्या बाळांच्या आतड्यात बॅक्टेरॉइड्स कमी व रुग्णालयात आढळणारे जंतू जास्त असतात. बाकीचा फरक पहिल्या वर्षात बराच ओसरतो, बॅक्टेरॉइड्सची उणीव रेंगाळते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २५.४ आणि गोव्यात ३९.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या, तेव्हा प्रश्न किरकोळ नाही. शस्त्रक्रियेआधी मातेच्या योनीत ठेवलेली गॉजची पट्टी जन्मताच बाळाच्या तोंडावर व अंगावर फिरवण्याचा प्रयोग मारिया डोमिंगेझ-बेलो यांनी केला. अमेरिकेच्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये संशोधनाबाहेर असे करू नये, असे बजावले. रोगजंतूही त्याच पट्टीवरून जातात.

प्रोबायोटिक : गर्भवतींना दिलेल्या प्रोबायोटिकांनी गर्भकालीन मधुमेह टळल्याचे दिसले नाही, २०२१ च्या कॉक्रेन आढाव्यात उलट प्रीएक्लॅम्प्सियाचा (गर्भारपणातील उच्च रक्तदाबाच्या विकाराचा) धोका वाढलेला आढळला. ओडिशातील खेड्यांत ४,५५६ नवजातांवर झालेल्या चाचणीत (२०१७) जंतू मातेला नव्हे, थेट बाळाला दिले होते : लॅक्टोबॅसिलस प्लांटॅरम आणि त्याचे खाद्य म्हणून एक शर्करा, सात दिवस. जंतुदोष व मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. ही मुले अंगावर पिणारी आणि किमान दोन किलो वजनाची होती. त्याहून लहानांचा त्या चाचणीत समावेश नव्हता.