सौम्य गाठींचा इतिहास

खालच्या पापणीवर त्वचेच्याच रंगाचे, मोहरीएवढे पुरळ काही जणांना, विशेषतः स्त्रियांना, तरुणपणी येते. बहुधा ते दुखत नाही आणि आपोआप जातही नाही. याचे नाव सिरिंगोमा. ग्रीक भाषेत सिरिंक्स म्हणजे पावा, नळी. घर्मग्रंथीच्या नळीची ही निरुपद्रवी गाठ.

एवढे साधे उत्तर मिळायलाही वेळ लागला. १८७२ साली कापोसी आणि बिसियादेत्स्की यांनी तिचे वर्णन केले ते लसिकावाहिन्यांची गाठ म्हणून. ती घर्मग्रंथींची असल्याचे पॅरिसच्या दारिए आणि जाके यांनी १८८७ मध्ये मांडले, आणि गाठीचा पत्ता बदलला.

तिच्याच गोतावळ्यातील सिलिंड्रोमाची कहाणी अधिक गंभीर आहे. डोक्यावर व चेहऱ्यावर वाढलेल्या अशा गाठींचा एक रुग्ण लंडनच्या हेन्री अँसेलने १८४२ मध्ये नोंदवला. गाठी वाढत जाऊन सारे डोके व्यापतात, म्हणून त्यांना ‘टर्बन ट्यूमर’ हे नाव पडले. आपल्याकडे पगडी मानाची. ही मात्र कुणीही हौसेने न घातलेली पगडी!

पुढे १८९२ मध्ये मँचेस्टरच्या ब्रूकने आणि १८९९ मध्ये व्हिएन्नाच्या श्पीगलरने केलेल्या वर्णनांवरून या आनुवंशिक विकाराला दोघांची नावे मिळाली. गाठ मुळात घर्मग्रंथीची की केसाच्या मुळाची, हा वाद अजून मिटलेला नाही. पण घराण्याचा धागा मात्र सापडला. १९९५ मध्ये तो सोळाव्या गुणसूत्रापर्यंत पोहोचला आणि २००० साली ‘सीवायएलडी’ हे जनुक हाती आले. पेशींच्या वाढीला लगाम घालणारे हे जनुक. बिघडलेली प्रत आईवडिलांपैकी एकाकडे असली, तर प्रत्येक अपत्याला ती मिळण्याची शक्यता निम्मी असते.

वैद्यकाच्या भाषेत या गाठी ‘सौम्य’, म्हणजे कर्करोग नव्हे. क्वचितच त्यांचे कर्करोगात रूपांतर होते. पण वारंवार शस्त्रक्रिया सोसणाऱ्याला, डोके झाकून वावरणाऱ्याला हा शब्द कितीसा सौम्य वाटेल? लगाम कुठे सुटला हे कळूनही मुख्य उपाय आजही शस्त्रक्रियाच आहे.

म्हणून, वाचकहो, परदेशातल्या डॉक्टरने घराण्याचा इतिहास विचारला, तर ‘काही नाही’ म्हणून मोकळे होऊ नका. आजी डोक्यावरचा पदर कधीच का ढळू देत नसे, हे गावाकडे एकदा विचारून पाहावे. घरात लाजेने झाकलेली गोष्ट नातवंडांच्या उपयोगी पडू शकते.