हॅरियर : पक्षी, विमान आणि नामकरणाची दृष्टी

लष्करी उड्डाणविद्येत शिकारी पक्ष्यांची नावे देण्याची प्रथा जेट युगाहून जुनी आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात रोल्स-रॉइस कंपनीने आपल्या इंजिनांना ईगल, फाल्कन, हॉक अशी नावे दिली होती. पुढे ईगल व फाल्कन ही नावे अमेरिकी जेट विमानांना मिळाली. अशी नावे सामान्यतः केवळ अलंकारिक मानली जातात. तथापि हॅरियर या नावाचा इतिहास पाहता हे मत अपुरे ठरते.

ब्रिटनमधील हॉकर कंपनीचे पी. ११२७ हे विमान ऑक्टोबर १९६० मध्ये, दोरखंडांनी बांधलेल्या अवस्थेत, प्रथम सरळ वर उचलले गेले. इंजिनाचा झोत चार फिरत्या नोझलमधून खाली वळवून हे साधले होते. त्याची सुधारित आवृत्ती १९६४ मध्ये उडाली. तिचे नाव केस्ट्रेल. केस्ट्रेल म्हणजे मराठीतील खरुची. हा पक्षी वाऱ्यावर पंख फडफडवीत एकाच जागी स्थिर राहतो. हवेत थांबू शकणाऱ्या विमानास याहून समर्पक नाव सापडणे कठीण होते. तरीही १९६९ मध्ये हे विमान ब्रिटिश हवाई दलात दाखल झाले ते हॅरियर या नावाने.

हॅरियर पक्षी गवताळ माळावर अगदी खालून, संथ फेऱ्या घालीत भक्ष्य शोधतो. विमानाचे कामही कमी उंचीवरून हल्ला करण्याचे असल्याने हे साम्य खरे आहे. परंतु शब्दाच्या मुळाशी असलेल्या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ लुटणे, उद्ध्वस्त करणे असा आहे. म्हणजे उडण्याची रीत सांगणारे नाव मागे पडले आणि शत्रूचे काय होईल हे सांगणारे नाव पुढे आले. मराठीत याच पक्ष्याला भोवत्या म्हणतात. येथे लक्ष त्याच्या फेऱ्यांकडे आहे, लुटीकडे नाही.

भारतीय नौदलाने १९७९ मध्ये सी हॅरियर विमानांची मागणी नोंदविली. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली विमाने गोव्यातील दाबोळी येथे आली व त्याच महिन्यात विक्रांत नौकेवर उतरली. हवाई दलाने परदेशी विमानांना वज्र, शमशेर अशी नावे दिली. सी हॅरियर मात्र मूळ नावानेच ओळखले गेले. ११ मे २०१६ रोजी त्यास निरोप देण्यात आला तो दाबोळीच्या तळावर, ज्याचे नाव आहे हंसा. त्याची जागा मिग-२९के विमानांनी घेतली. याच कुळातील हवाई दलाच्या मिग-२९ विमानास बाज म्हणतात.