खुंटीवरची बंदूक

आमच्या माजघराच्या भिंतीला दोन खुंट्या होत्या. त्यांवर ठासणीची बंदूक आडवी टांगलेली असायची. गाव आताच्या सिंधुदुर्गातला; १९८१ पर्यंत जिल्हा रत्नागिरीच होता. बंदूक हौसेची नव्हती. भात पिकायला लागलं की रानडुकरं उतरायची आणि एका रात्रीत कुणग्याचा कोपरा सपाट करायची. म्हणून शेतीसंरक्षणाचा परवाना. इंग्रजांनी १८७८ साली कायदा करून बंदुकीला परवाना लावला, पुढे आपला १९५९ चा कायदा आला. आमचा परवान्याचा कागद आजोबांपासून पत्र्याच्या पेटीत, कुलपात. बंदूक मात्र उघड्यावर!

दसऱ्याला तिला झेंडूची माळ घालायचे, आम्ही पोरं पाया पडायचो. एरवी म्हणायचे, हात लावाल तर हात मोडीन. पण रोज डोळ्यांसमोर असलेल्या वस्तूची भीती किती दिवस राहणार?

ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून दारू घालायची, वर चिंधी, मग छर्रे, आणि गजाने ठासायचं. मागे केप बसवायची. चाप ओढला की घोडा केपवर आपटतो आणि बार उडतो. एकदा ठासली की ती सहजी रिकामी होत नाही, बार काढावा लागतो. दारू फुकट कोण घालवणार? डुक्कर आलं नाही की बाबा केप तेवढी काढून भरलेली बंदूक खुंटीला लावायचे आणि म्हणायचे, "रिकामी आसा."

१९७१ सालची दिवाळी. मी अकरा वर्षांचा, धाकटा भाऊ सात. मोठी माणसं मळ्यात. केपांची डबी कोनाड्यात असते हे मला ठाऊक होतं. पाटावर चढून बंदूक काढली, केप बसवली, चाप ओढला. रिकामीच ना ती! छर्रे कौलांतून गेले. भाऊ नळीच्या अगदी जवळ उभा होता. जीव वाचला, पण डाव्या कानाने त्याला पुन्हा ऐकू आलं नाही.

बाबांनी मला मारलं नाही. ते उंबऱ्यावर बसून राहिले. आईने मात्र त्याच संध्याकाळी खुंट्या उपटल्या. बार शेतातच काढून यायचं, बंदूक कुलपात, दारू नि केपा तिच्या ट्रंकेत, आणि ट्रंकेची किल्ली तिच्या कमरेला. परवाना बाबांच्या नावावर, पण आईने किल्ली दिल्याशिवाय बंदूक उडत नसे.

निवडणूक आली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. आम्ही शेतकरी कुरकुरतो, कारण डुकरं आचारसंहिता पाळत नाहीत. आई म्हणायची, "तेवढेच दिवस झोप लागता."

२०१६ च्या नियमांत बंदूक सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र मागितलं आहे. चांगलं आहे. पण कागद आमच्याकडे तेव्हाही होता, आणि तो कुलपातही होता. मुलांना दटावून भागत नाही. मूल हात लावणारच, असं धरून चालावं.

आता परवाना माझ्या नावावर आहे. मे महिन्यात नातवंडं मुंबईहून यायच्या आधी मी कुलूप दोनदा ओढून बघतो. भाऊ शेजारीच राहतो. हाक मारली की अजून उजवा कान पुढे करतो.