पर्यायी कॉन्फिगरेशन स्वरूपे (मेव्हन)

अपाची मेव्हन या बिल्ड साधनाला प्रकल्पाची माहिती नेहमीच्या एक्सएमएल फाइलीऐवजी यामल, रूबी, ग्रूव्ही, कोटलिन अशा दुसऱ्या एखाद्या स्वरूपात पुरवण्याची सोय. मेव्हन मुख्यतः जावा प्रकल्पांसाठी वापरले जाते. कोड कंपाइल करणे, चाचण्या चालवणे, लागणाऱ्या लायब्ररी (डिपेंडन्सी) उतरवून घेणे आणि तयार झालेली जार फाइल रिपॉझिटरीत ठेवणे ही त्याची कामे. त्यासाठी लागणारी सर्व माहिती ‘पॉम.एक्सएमएल’ या फाइलीत असते. पर्यायी स्वरूपाची सोय एक्स्टेन्शन जोडून मिळते. नवे स्वरूप वाचणे तुलनेने सोपे असते. मेव्हनशिवाय आणखी कोणकोण ती फाइल वाचते, यावर या सोयीची खरी मर्यादा ठरते.

पार्श्वभूमी : एक्सएमएल १.० हे प्रमाणक १९९८ साली आले आणि पुढच्या काही वर्षांत जावाच्या जगात कॉन्फिगरेशन म्हणजे एक्सएमएल असे समीकरण झाले. २००० साली स्वतंत्रपणे प्रसिद्ध झालेल्या अँट या बिल्ड साधनाची फाइल एक्सएमएलमध्येच होती. जेसन व्हॅन झिल यांनी सुरू केलेले मेव्हन अपाचीच्या टर्बाइन प्रकल्पातून पुढे आले. २००४ मध्ये त्याची १.० आणि २००५ मध्ये २.० ही आवृत्ती निघाली. अँटमध्ये कामांच्या पायऱ्या लिहाव्या लागत. मेव्हनने त्याऐवजी प्रकल्पाचे वर्णन मागितले, आणि पायऱ्या स्वतःकडे ठेवल्या. दुसऱ्या आवृत्तीपासून या वर्णनाच्या मॉडेलचा क्रमांक ४.०.० असा ठरला.

तक्रार होती ती पाल्हाळाची. एक डिपेंडन्सी नोंदवायची तर उघडणारा टॅग, ग्रुपआयडी, आर्टिफॅक्टआयडी, व्हर्जन आणि बंद करणारा टॅग अशा पाच ओळी लागतात, आणि मधल्या तिन्ही ओळींत टॅगचे नाव दोनदा लिहावे लागते. यामलमध्ये हीच नोंद महिरपी कंसात एका ओळीत मावते. पन्नास डिपेंडन्सी असलेल्या प्रकल्पात हा फरक नजरेत भरतो.

अंतर्गत रचना : मेव्हन फाइलीवर थेट काम करत नाही. प्रथम फोल्डरमधील प्रकल्पफाइल शोधली जाते, नंतर ती वाचून तिच्यापासून ‘मॉडेल’ नावाचा जावा ऑब्जेक्ट तयार होतो. पालक पॉममधील मूल्ये मिसळणे, प्रोफाइल लागू करणे, चलांच्या जागी किमती भरणे हे पुढचे सर्व संस्कार या ऑब्जेक्टवर होतात. मॉडेलचे जावा क्लास आणि एक्सएमएल वाचणारा-लिहिणारा कोड हे दोन्ही मोडेलो या साधनाने एकाच वर्णनफाइलीतून तयार केले जातात. शोधणे आणि वाचणे या पहिल्या दोन पायऱ्या मेव्हन ३ मध्ये बदलता येण्याजोग्या घटकांत विभागलेल्या आहेत. एक्स्टेन्शन नेमके तेथे शिरते. त्याने योग्य मॉडेल हाती दिले, की पुढच्या यंत्रणेला मूळ फाइल कशात लिहिली होती याचे सोयरसुतक नसते.

पॉलिग्लॉट मेव्हन : या सोयीचा सर्वांत परिचित आविष्कार. यात यामल, रूबी, ग्रूव्ही, स्काला, क्लोजर, कोटलिन, जावा इत्यादींसाठी वेगवेगळी मॉड्यूल आहेत. मेव्हन ३.३.१ (२०१५) पासून प्रकल्पाच्या ‘.एमव्हीएन’ फोल्डरमध्ये एक्स्टेन्शनची नोंद करता येऊ लागली. ही नोंद सोर्स कोडबरोबर व्हर्जन कंट्रोलमध्ये जाते, त्यामुळे प्रत्येकाला आपल्या संगणकावर वेगळी मांडणी करावी लागत नाही. गंमत अशी, की एक्सएमएल टाळण्यासाठीची ही नोंद ज्या ‘एक्स्टेन्शन्स.एक्सएमएल’ फाइलीत करायची ती एक्सएमएलच असते. जुना पॉम नव्या स्वरूपात नेण्यासाठी रूपांतराचे प्लगिनही उपलब्ध आहे. मात्र रूपांतर मॉडेलमार्फत होते आणि मॉडेलमध्ये टिपणांना जागा नसल्याने मूळ फाइलीतील टिपणे त्यात गळून पडतात.

वापराची दोन उदाहरणे बोलकी आहेत. जेरूबी या प्रकल्पाचा पॉम रूबीत लिहिला जातो. पण त्यापासून तयार झालेला पॉम.एक्सएमएलही शेजारीच ठेवलेला असतो. एक्लिप्स प्लगिनांच्या बिल्डसाठी असलेले टायको पॉलिग्लॉटच्याच पायावर आणखी पुढे गेले. प्लगिनचे नाव आणि आवृत्ती त्याच्या मॅनिफेस्ट फाइलीत आधीच असते. टायको ती तेथून उचलते आणि अशा मॉड्यूलला स्वतंत्र पॉम लिहावाच लागत नाही.

प्रकाशनाची अट : मेव्हनच्या रिपॉझिटरीत प्रत्येक जारसोबत ‘.पॉम’ फाइल ठेवली जाते. ती मेव्हनबरोबरच ग्रेडल, आयव्ही, एसबीटी ही साधनेही वाचतात. त्या सर्वांची अपेक्षा ४.०.० मॉडेलच्या एक्सएमएलची असते. शिवाय मेव्हन सेंट्रल या सार्वजनिक रिपॉझिटरीत एकदा प्रसिद्ध झालेली आवृत्ती बदलता येत नाही. म्हणून घरात कोणतेही स्वरूप वापरले, तरी बाहेर जाताना त्याचे एक्सएमएल करावेच लागते.

अडचणी : (१) आयडीई, सुरक्षा तपासणारी साधने आणि डिपेंडन्सींच्या आवृत्त्या सुचवणाऱ्या सेवा यांतील बरीचशी मेव्हन न चालवता थेट पॉम.एक्सएमएल उघडतात, त्यांना पर्यायी फाइल दिसतच नाही. जेरूबीने दोन्ही फाइली ठेवण्यामागची सोय यावरून कळते. (२) वाचण्यापेक्षा परत लिहिणे कठीण असते. रिलीज प्लगिन किंवा व्हर्जन्स प्लगिन आवृत्तीचा आकडा फाइलीतच बदलतात आणि तो बदल एक्सएमएल गृहीत धरून केला जातो. (३) पालक पॉमचा मार्ग दिला नसेल तर मेव्हन वरच्या फोल्डरमधील पॉम.एक्सएमएल गृहीत धरते. पालक दुसऱ्या स्वरूपात असल्यास याकडे लक्ष द्यावे लागते. (४) चूक कोणत्या ओळीवर आहे हे सांगण्यासाठी मॉडेलमध्ये प्रत्येक मूल्याचे स्थान नोंदता येते. नव्या स्वरूपाच्या वाचकाने ते भरले नाही, तर चुकीबद्दलचा संदेश मोघम राहतो. (५) स्वरूपाचे स्वतःचे नियम आड येतात. यामलमध्ये अवतरणाशिवाय लिहिलेले १.१० हे सर्वसाधारण नियमाने दशांश संख्या ठरते आणि तिचे १.१ होते; लायब्ररीच्या बाबतीत मात्र या दोन वेगळ्या आवृत्त्या आहेत. (६) रूबी किंवा ग्रूव्हीसारख्या भाषेत लिहिलेली फाइल हा चालणारा कोड असतो. त्यात लूप आणि अटी लिहिता येतात. पण ती चालवल्याशिवाय तिचा अर्थ लावता येत नाही, आणि वर्णनावर भर देण्याचा मेव्हनचा मूळ हेतू तेवढा सैल होतो.

मेव्हन ४ : प्रकाशनाच्या अटीमुळे पॉमची रचना दीर्घकाळ गोठून राहिली होती. मेव्हन ४ ने बिल्ड करताना वाचायचा पॉम आणि इतरांसाठी प्रसिद्ध करायचा पॉम वेगळे केले. पहिल्यासाठी ४.१.० हे नवे मॉडेल वापरता येते, दुसरा जुन्या साधनांना समजेल अशा ४.०.० मध्ये तयार होतो. सोबत ‘मॉडेलपार्सर’ नावाचा अधिकृत जोडबिंदू दिला गेला. फाइल शोधणे आणि तिचे मॉडेल करून देणे एवढीच त्याची जबाबदारी आहे. पूर्वी अंतर्गत घटक बदलून जे साधावे लागे, त्याला यामुळे जाहीर दार मिळाले. लेखकाची सोय आणि ग्राहकाची अपेक्षा यांची फारकत हा या बदलाचा गाभा आहे.

इतर साधनांतील वाटा : ग्रेडलची बिल्ड फाइल सुरुवातीपासून ग्रूव्हीत लिहिली जाई, कोटलिनचा पर्याय २०१६ मध्ये जाहीर झाला, २०१८ च्या ५.० आवृत्तीत तो स्थिर १.० टप्प्यावर आला आणि २०२३ च्या ८.२ पासून नव्या प्रकल्पांसाठी तोच पूर्वनिर्धारित पर्याय झाला. हा पर्याय साधनाच्या कर्त्यांनीच दिल्यामुळे आयडीईची साथ त्याला लाभली. जावास्क्रिप्टमधील पीएनपीएम हे पॅकेज.जेसनखेरीज यामल आणि जेसन५ मधील फाइलही वाचते. पायथनने उलट मार्ग धरला : २०१६ च्या पेप ५१८ या प्रस्तावात जेसन, यामल आदींचा तौलनिक विचार करून टॉमल हे एकच स्वरूप पक्के केले गेले. एकच स्वरूप ठेवल्यास भोवतालच्या साधनांचे काम हलके होते. अनेक ठेवल्यास प्रत्येक स्वरूपामागे वाचणे, लिहिणे, चुका दाखवणे आणि जुन्या फाइली सांभाळणे हा कायमचा खर्च येतो.